घडीची टाकी

निसारचा टेम्पो गुऱ्हाळावर येऊन थांबला आणि मागचं फाळकं पडलं, तेव्हा उदयसिंहाला वाटलं, कुणाच्या तरी लग्नातली भाड्याची टेबलं चुकून आपल्या मळ्यात आली. काळ्या प्लॅस्टिकच्या जाड पाट्या, एकीवर एक चापून बसवलेल्या.

"ह्यात काकवी भरायची?" त्यानं विचारलं.

"अशात न्हाय, उभी करून भरायची," निसार म्हणाला. निसार इचलकरंजीचा, सगळ्या तालुक्यात माल फिरवणारा आणि प्रत्येक मालाबद्दल स्वतःचं मत असलेला. "चार भिंती उभ्या करायच्या. आत पिशवी सोडायची. पिशवीची मान खालच्या भोकातनं भाईर काढून तोटी बसवायची. तिकडं गिऱ्हाईक तोटी सोडून पायजे तेवढी काकवी घेतंय. रिकामी झाली की पिशवी टाकायची, भिंती पाडायच्या, घडी करून माघारी. येताना सगळ्या टाक्या एका खेपंत येत्यात बगा. आदी लांब बाजू उभी करायची, मग आखूड."

शेवटचं वाक्य उदयसिंहानं ऐकलं होतं, पण टेम्पोवाल्याचं ऐकून करायचं म्हणजे गुऱ्हाळावर निसारची मालकी मान्य केल्यासारखं झालं असतं. त्यानं आधी आखूड बाजू उचलली. ती टेकायला जागाच नव्हती. भिंत सुटली आणि खाडकन त्याच्या बोटांवर बसली.

"दादा, तिला नमस्कार करायचा ऱ्हायला की तुमचा," निसार म्हणाला आणि स्वतःच हसला. चरकावर ऊस लावणाऱ्या गड्यांनी तोंडं वळवून घेतली.

उदयसिंहानं हात ओढून काढला. दोन नखं काळीनिळी झाली होती. त्यानं हात झटकला, वळला आणि चुलवाणापाशी चिपाडाचा भारा घेऊन उभ्या असलेल्या ज्ञानूच्या कानशिलात लगावली. ज्ञानू हसलाच नव्हता. तो जाळ घालणारा माणूस. दिवसभर जाळाकडं बघून बघून त्याला दुसरं काही धड दिसतही नसे.

उदयसिंहाच्या रागाला गावात आंधळा म्हणत. ते खरं नव्हतं. त्याचा राग चांगला डोळस होता. निसारचे दंड मांडीएवढे, शिवाय चार मेहुणे बाजाराच्या गावी. ज्ञानूला मागं-पुढं कुणी नव्हतं आणि हंगाम संपेस्तोवर जायला दुसरी जागा नव्हती. एवढा सगळा विचार करून मगच उदयसिंहाचा हात उठत असे. फक्त तो विचार इतका झटपट व्हायचा की लोकांना दिसायचा नाही.

तेवढ्यात वर्षाराणी, त्याची बायको, ओले हात पदराला पुसत आली. लांब बाजू उचलली, समोरची उचलली, मग दोन्ही आखूड. चारी कोपरे कट्‌कट् बसले.

"त्यांनी सांगितलं की, आदी लांब," ती म्हणाली. नवऱ्याला नव्हे, टाकीलाच सांगितल्यासारखी.

त्या वाक्याची वसुली दिवस मावळताना झाली. छपरातल्या चुलीपाशी त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि कपाळ मेढीच्या खांबावर आपटलं. "गड्यांच्या म्होरं शिकीवतीस व्हय मला?" मेढ बाभळीची होती, गाठीची. दुसऱ्या दिवशी वर्षाराणी पदर पुढं ओढून कामाला आली आणि गड्यांनी पदराकडं बघितलं नाही. ही त्या गुऱ्हाळाची रीतच होती.

खरं दुखणं बोटांचं नव्हतं.

आकारामच्या गुऱ्हाळाचा गूळ म्हणजे उदयसिंहाचा हात, असं कुरुंदवाडपासून नदीच्या दोन्ही काठांना बोललं जाई. आकाराम हा त्याचा बाप. गुऱ्हाळ बापाचं, पण काहिलीवर शब्द थोरल्या पोराचा. रस उकळून वर आला, मळी निघाली, फेसाचे बुडबुडे मोठे होऊन फुटायला लागले की उदयसिंह लांब दांड्याचं फावडं उचलून तार बघायचा. तो "उतरा" म्हणेपर्यंत कुणी काहिलीच्या कड्याला हात लावत नसे. घटकाभर आधी उतरली तर गूळ बसत नाही, घटकाभर उशीर झाला तर जळतो. ह्या मधल्या घटकेचा तो राजा होता. बाकी आयुष्यात त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

आणि धाकट्या अमरसिंहानं, जो शिरोलीला एका फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये कामाला होता, तिथल्या ओळखीनं काकवीचं गिऱ्हाईक आणलं. दक्षिणेकडं मिठाईवाल्यांना पातळच पाहिजे. गूळ नको, ढेपा नकोत. काकवी आधीच उतरवायची, निववायच्या उथळ हौदात, म्हणजे वाफ्यात, हलवून कोमट करायची, टाकीत भरायची, तोटीला लाल सील लावायचं. त्यात तार बघायला नको आणि राजाही नको.

"काकवी म्हंजे दिवस भरायच्या आत झालेलं पोर," उदयसिंह म्हणाला होता.

"पर जगतंय न्हवं?" अमरसिंहानं विचारलं होतं. "तुझ्या ढेपा अजून गोदामात पडल्यात की, दादा."

आकाराम दोघांच्या मध्ये बसून विळ्यानं ऊस सोलत होता. "दोनीबी करा," तो म्हणाला. पण ऊस एवढाच आणि काहील एकच. दोन्ही होत नव्हतं. काहील हळूहळू काकवीची झाली. भरायचं, सील लावायचं, रिकाम्या आलेल्या टाक्या पाटाच्या पाण्यावर घासून वाळवायच्या, हे सगळं वर्षाराणीच्या अंगावर आलं. गडी आता उदयसिंहाला "उतरायची काय?" असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत "वैनी, वाफा मोकळा हाय काय?" असंही विचारायचे. दुसरा प्रश्न त्याला पहिल्यापेक्षा मोठ्यानं ऐकू यायचा.

पहिल्या खेपा नीट गेल्या. मग एक टाकी भरलेली परत आली.

टेम्पोमागून अमरसिंह मोटारसायकलवर आला, कामावरच्या निळ्या शर्टातच. "सील तुटलंय तोटीचं," तो म्हणाला. "घेतली न्हाय त्यांनी. उघडी टाकी गिऱ्हाईक घेत न्हाय. कुणी फोडलं?"

चरक थांबला. आकाराम आपल्या ओट्यावर बसून ऊस सोलत राहिला.

उदयसिंहाला चौकशीची गरज नव्हती. "टाक्या कोन भरतंय? ही. सील कोन लावतंय? ही." चरकाच्या जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा खुंटीला होता. पहिला तडाखा पाठीवर बसला, दुसरा पोटरीवर. वर्षाराणी वाफ्याच्या कडेला धरून वाकली, तशी तिसरा मानेवर आला आणि कातडं उललं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला थांबायला निमित्त मिळालं असतं.

"दादा, आरं इचार तरी तिला," अमरसिंह म्हणाला. पण त्याचा एक हात मोटारसायकलच्या हँडलवरच होता. त्यालाही उद्या कामावर जायचं होतं, घरात जेवायचं होतं, हिस्सा मागायचा होता. एका हातानं भावाला अडवता येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्यानं दुसरा मोकळा केला नाही.

शेवटी निसारनं पट्टा धरला. "बास. माझ्या टेम्पोम्होरं न्हाय."

"मग टेम्पोमागं न्हिऊन मारू?"

"न्हाय म्हणून सांगितलं." निसारनं पट्टा ओढून उसाच्या मोळ्यांवर फेकला. उदयसिंहानं निसारच्या दंडाकडं बघितलं आणि आपला हात आधीच दमलाय असं ठरवलं.

तेव्हा आकारामनं विळा खाली ठेवला. "सील मी तोडलं," तो म्हणाला. "शेजारच्या मळ्यातली बयाबाई तांब्या घिऊन आलती. काहील धुतलेली, वाफा रिकामा. गुऱ्हाळावरनं माणूस मोकळ्या तांब्यानं माघारी लावायचं? मला न्हाय जमत."

हे कुणालाच नवं नव्हतं. गुऱ्हाळावर पाय ठेवील त्याला रस, गरम गूळ, जाताना तांब्याभर काकवी. वैरी आला तरी. त्याचा हिशेब कुठं मांडत नाहीत. तोटी समोर आहे, आत आपल्याच उसाची काकवी आहे आणि मध्ये एक लाल पट्टी आहे म्हणून बयाबाईला नाही म्हणायचं, हे म्हाताऱ्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

"आबा, आदी का सांगितलं न्हाईस?" अमरसिंहानं विचारलं.

"सांगणारच हुतो. त्यो थांबला की."

वर्षाराणीनं मानेवर हात दाबून धरला होता. बोटांच्या फटीतून रक्त चोळीत उतरत होतं.

"तुला तोंड हुतं न्हवं?" उदयसिंह तिला म्हणाला.

"तुमी कवा इचारलं?"

त्याबद्दल एक उलट्या हाताची बसली. दिलेला मार परत घेता येत नाही, तेव्हा निदान तो बरोबर होता असं दाखवायला वर आणखी थोडा द्यावा लागतो.

अमरसिंहानं हेल्मेट घातलं. "परत एकदा असं झालं तर टाक्या न्हेणार म्हणून सांगितलंय त्यांनी. घडी करून सगळ्या. मग बसा ढेपा मोजत."

आकारामनं त्यातून एवढंच घेतलं की, इथून पुढं पाहुण्याला द्यायचं ते सील लावायच्या आधी द्यायचं. वर्षाराणी टाकी धुवायला वळली. उदयसिंहाच्या कानात मात्र दोनच शब्द बसले. परत एकदा.

पुढच्या आठवड्यात अमरसिंहाच्या सुट्टीचा वार होता. तो चरकाच्या इंजिनात डोकं घालून बसलेला. वर्षाराणी रिकाम्या टाक्या घेऊन पाटावर गेली होती. एक टाकी वाफ्यापाशी उभी होती, आत नवी पिशवी, तोटी बसवलेली. काहील उतरली. काकवीवर अजून बुडबुडे फुटत होते.

"वाफ्यात सोडायची न्हवं?" गड्यानं विचारलं.

"टाकीत," उदयसिंह म्हणाला. "बादल्या लावा. तोटी बंद हाय."

ज्ञानू जाळापासून उठून आला. "मालक, कडक हाय की. पिशवी धरायची न्हाय. वैनी म्हनत्यात—"

फावड्याचा दांडा ज्ञानूच्या खांद्याच्या हाडावर बसला. आवाज कोरडा झाला, ढलपी फुटावी तसा. ज्ञानू बसकण मारून खाली गेला आणि डाव्या हातानं उजवा हात मांडीवर उचलून घेऊन बसला. बाकीच्यांनी बादल्या लावल्या.

उदयसिंहाचा हिशेब सरळ होता. पिशवी मऊ पडणार. इथं नाही, वाटेत, जयसिंगपूरच्या आसपास, टेम्पोच्या हादऱ्यानं कुठंतरी सुटणार. निसारचा टेम्पो चिकट होणार, तो बोंबलणार, गिऱ्हाईक टाक्या परत मागणार. एका काहिलीचं आधण मातीत जाईल. कुणाला धक्का लागणार नाही. परवापासून परत तार बघायची. सगळ्या बाजू त्यानं जुळवल्या होत्या. बाप तेवढा धरायचा राहिला.

रस्त्याकडून एक जण मोटारसायकल लावून आत आला. "रस मिळंल का, मालक?" त्यानं आकारामला विचारलं.

"या पावणं, बसा. कुठलं?"

"निपाणीकडचा."

"मग लांबनं आलासा. रस घ्या, पर काकवी चाखल्याबिगर जायाचं न्हाय." आकारामनं कनवटीला हात लावून धोतर सारखं केलं, तांब्या उचलला. "थांबा, अजून सील लावलं न्हाय. लावल्यावर आमची सून काढू देत न्हाय." आणि तो स्वतःच्याच हुशारीवर हसला.

उदयसिंह काहिलीपाशी उभा होता. बाप टाकीकडं जाताना त्याला दिसला. एक शब्द पुरे होता. पण "आबा, हात लावू नका" म्हटलं असतं, तर पाहुण्यासमोर, गड्यांसमोर, "का?" आलं असतं. तो शब्द त्याच्या तोंडात आला आणि त्यानं तो तिथंच दाबून धरला. तांब्याभर गरम काकवी. म्हातारा फुंकर घालील, त्यानं स्वतःला सांगितलं.

आकाराम तोटीसमोर उकिडवा बसला. तोटी फिरेना, म्हणून जरा ओढून फिरवली. पिशवीची मान पाघळली होती. तोटी त्याच्या हातातच आली.

काकवी पाण्यासारखी उडाली नाही. मनगटाएवढ्या जाड लोळ्यानं बाहेर आली आणि त्याच्या दोन्ही पायांवर, नडग्यांवर, मांडीत बसली. पाणी अंगावरून निघून जातं. काकवी धरून राहते. म्हातारा उठायला गेला, घसरला, तिच्यातच बसला. त्याच्या तोंडून बैल हंबरल्यासारखा आवाज निघाला आणि मध्येच तुटला. भोकातून लोळा येतच होता.

उदयसिंह धावला. काखेत हात घालून त्यानं बापाला ओढलं. धोतर पायांना चिकटलं होतं; त्यानं ते सोडवायला ओढलं आणि धोतराबरोबर नडगीचं कातडं मोज्यासारखं खाली आलं. त्याच्या स्वतःच्या पायांचे तळवे भाजत होते, ते त्याला मागाहून कळलं. ज्ञानूनं एका हातानं बादली ओढत आणून पाणी ओतलं. पाहुणा "अगं आई, अगं आई" एवढंच म्हणत तांब्या शोधत होता, तो का ते त्यालाही माहीत नसावं.

अमरसिंह इंजिनामागून आला. काकवीवरची वाफ बघितली. कोरडा वाफा बघितला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

फावडं जवळच होतं. पहिला दणका उदयसिंहाच्या कानावर बसला, दुसरा उचललेल्या हाताच्या कोपरावर. "वाफा कोरडा हाय! बापाला शिजीवलंस, रांडंच्या!" आज अमरसिंहाचे दोन्ही हात दांड्यावर होते. उदयसिंह काकवीत पालथा पडला, गुडघ्यावर उठला, नाकातून रक्त ओघळून हनुवटीवर काकवीत मिसळलं. तिसरा, चौथा बरगडीवर. त्यानं हात जोडले नाहीत की उगारलेही नाहीत. गडी उभे होते. कुणी अडवलं नाही, कारण आजवर इथं कुणी कुणाला अडवलंच नव्हतं. निसार तेवढा एक, आणि त्याचा टेम्पो अजून यायचा होता.

वर्षाराणी पाटावरून आली, डोक्यावर टाक्यांच्या ओल्या भिंती. तिनं भिंती खाली ठेवल्या, सासऱ्यापाशी गेली, दोरीवर वाळत घातलेलं आपलं ओलं लुगडं त्याच्या पायांवर पसरलं, डोकं मांडीवर घेतलं. मग मान वर करून म्हणाली, "भावजी, बास आता. आबांना उचलाय माणसं लागतील."

तेवढ्या कारणानं अमरसिंह थांबला.

कोल्हापुरातल्या दवाखान्यात आकारामनं डॉक्टरला सांगितलं, माझ्या हातनं सांडली. पोलिस आला, त्यालाही तेच सांगितलं. पाय पांढऱ्या पट्ट्यांत मांडीपर्यंत, खाली रबरी चादर, वास असा की शेजारच्या खाटेवरच्यानं तोंड भिंतीकडं केलेलं. पट्टी बदलायच्या वेळी त्याला चौघं धरत.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं घरच्यांना बोलावलं. उदयसिंहाचा डोळा अजून मिटलेला, वरचे दोन दात गेलेले.

"तोडल्याला ऊस वाळतोय," म्हातारा म्हणाला. "उद्या काहील चढवा. उदय, काहील तुझीच. पर उतरल्यावर काकवी तुझी न्हाय. वर्षा म्हणंल तवा टाकीत पडंल. ती थांब म्हणाली, तर थांबायचं."

"बायकूच्या हाताखाली?"

"मी बघितलंतं तुला," आकाराम म्हणाला. "तोटीकडं जाताना. तू माझ्याकडं बघत हुतास." त्यानं श्वास घेतला. "पोलिस परत येणार हाय. त्याला काय सांगायचं, ते तूच सांग."

उदयसिंह बाकड्यावर बसला. अमरसिंह खिडकीतून बाहेर बघत होता. वर्षाराणीनं सासऱ्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला. ह्या व्यवहारात कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि तिनंही होय-नाही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी काहील उतरली ती वाफ्यात. निसारनं टेम्पो आधीच लावून ठेवला होता आणि तो फाळक्यावर बसून पाय हलवत होता. अमरसिंहानं रजा काढली होती. तो टाकीचं झाकण धरून उभा. वर्षाराणी वाफ्याच्या पलीकडं, हातात फावडं. तिच्या मानेवरची खपली वाळून काळी झाली होती. ज्ञानूचा उजवा हात गळ्यात, डाव्या हातानं जाळ घालत होता.

"भरायची?" उदयसिंहानं विचारलं. बादली त्याच्या हातात होती.

वर्षाराणीनं वाफेवर तळहात धरला. "थांबा."

तो थांबला. चरक कुरकुरत होता. माश्या यायला लागल्या.

"आता?"

"थांबा अजून."

गड्यांपैकी कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. राग आला तो नेहमीच्या वाटेनं आला, छातीतून खांद्यात, खांद्यातून हातात, आणि जागा शोधायला लागला. निसार: नाही. अमरसिंह: बरगड्यांनीच नाही म्हणून सांगितलं. ज्ञानू: ज्ञानूनं मान वर केली होती, डाव्या हातात विस्तव ओढायची सळई होती, आणि आज तो जाळाकडं नव्हे, त्याच्याकडंच बघत होता. राहिली बायको. तिच्यामागं कोणी उभं नव्हतं. तरी तिच्यावर उचललेला हात आता दवाखान्यात बापापर्यंत आणि तिथून पोलिसापर्यंत जाऊन पोचत होता.

उदयसिंहानं बादली खाली ठेवली. बाही मागं सारली नाही. वाफ्यावर वाकला आणि उजवा हात कोपरापर्यंत काकवीत घातला.

"गार हाय," तो म्हणाला. "भरा."

कुणी बादली उचलली नाही. त्यानं हात तसाच ठेवला. मानेच्या शिरा वर आल्या, फुटलेला ओठ दातांत गेला, मिटलेल्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. "गार हाय म्हणतोय न्हवं. भरा की." अमरसिंहानं झाकण सोडलं आणि एक पाऊल पुढं टाकलं, मग वहिनीकडं बघून तिथंच थांबला.

वर्षाराणी त्याच्या हाताकडं बघत होती, तार बघावी तशी.

"हात काढा भाईर," ती म्हणाली. "ही काकवी आता टाकीत जायाची न्हाय." आणि मग ज्ञानूला, "पाणी आण. निसारभाऊ, फाळकं लावा, ह्यांनाच न्यायचं हाय."